पावणेतीनची जाग

"डॉक्टर, नमस्कार. मी 51 वर्षांची आहे. कराड तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. अडीच वर्षांपूर्वी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. वर्षभर त्यांचं सगळं जागेवरच होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री अकराला आणि पुन्हा अडीच-तीनच्या सुमाराला मी त्यांना कूस बदलून द्यायची. त्या गेल्या त्याला दीड वर्ष झालं, पण माझी झोप काही परत आली नाही. अकराला आडवी होते, डोळा लागायला बारा-साडेबारा होतात आणि पावणेतीनला टक्क जाग. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं तरी मान वळतेच. मग पहाटेपर्यंत तळमळत पडायचं. मालकांना एका आठवड्याआड रात्रीच्या लाईटला उसाची दारं धरायला जावं लागतं. त्या आठवड्यात तर जीव टांगणीला असतोच, पण ते घरात असले तरी माझी रात्र तशीच. दिवसकार्य झाल्यावर गावातल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलमची 0.25 ची एक गोळी 15 दिवसांसाठी दिली होती. आता 0.5 ची घेते, कधी दीड गोळी. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. दोनदा बंद करून बघितली तर हात थरथरायला लागले, घाम फुटला, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. घरचे म्हणतात, विचार करू नकोस. नणंद म्हणते, राबणाऱ्याला झोप येतेच. गेल्या महिन्यात मोबाईलवर माहिती भरताना दोन मुलांची वजनं उलटसुलट भरली गेली. आता दिवेलागण झाली की धडकी भरते. हा आजार आहे की माझंच मन कमकुवत आहे? आणि ही गोळी सुटेल का?"

ताई,

दोन प्रश्न विचारलेत, दोन्हींची उत्तरं आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं तुम्हाला शांतपणे वाचता येईल. हा आजार आहे. मन कमकुवत असण्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि गोळी सुटेल. पण तुम्ही दोनदा सोडलीत तशी एकदम सोडायची नाही. डॉक्टरांना भेटेपर्यंत रोजची एक गोळी चालू ठेवा, दीड करू नका आणि एकही रात्र चुकवू नका. असं का, ते पुढे सांगते.

झोप न लागण्याला आजार म्हणायला आम्हा डॉक्टरांनीही फार वेळ लावला. कित्येक वर्षं निद्रानाश हे दुसऱ्या कशाचं तरी लक्षण मानलं जायचं. काळजीचं, उदासीचं, नाहीतर अंगदुखीचं. मूळ दुखणं बरं करा, झोप आपोआप येईल, हेच मी शिकले. मानसिक आजारांच्या वर्गीकरणाचा डीएसएम हा अमेरिकी ग्रंथ आहे, त्याची पाचवी आवृत्ती 2013 मध्ये आली आणि निद्रानाश हा स्वतःच एक आजार आहे, त्याच्यावर वेगळे उपचार करायला हवेत, हे तिथे स्पष्ट झालं. निकष साधे आहेत. झोपायला पुरेसा वेळ आणि जागा असूनही आठवड्यातून किमान 3 रात्री झोप लागत नाही, मोडते किंवा फार लवकर संपते, असं किमान 3 महिने चालू राहतं आणि त्याची झळ दिवसाला बसते. तुमच्या रात्री रोजच्याच, महिने अठरा, आणि दिवसाची झळ म्हणजे ती दोन मुलांची वजनं. निकषांतलं काही राहिलं नाही.

मोठ्या माणसांत साधारण दहात एकाला हा आजार असतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. तुमच्या गावात हजार मोठी माणसं असतील तर शंभरेक जण पहाटेपर्यंत तुमच्यासारखेच आढ्याकडे बघत पडलेले असतील. दवाखान्यात येऊन मात्र कुणी सांगत नाही. "डोकं दुखतं", "पित्त होतं", "थकवा आहे" असं सांगतात आणि उठता उठता दारापाशी वळून म्हणतात, "आणि जरा झोपेची गोळी लिहून द्या."

आता पावणेतीनबद्दल. तुम्ही सासूबाईंना कूस बदलून द्यायची वेळ लिहिलीत आणि जाग येण्याची वेळही लिहिलीत, पण दोन्हींमध्ये पाच-सहा ओळींचं अंतर आहे, त्यामुळे तुमच्या कदाचित ध्यानात आलं नसेल. झोप एकसंध नसते. सगळ्यांनाच रात्रीतून कितीतरी वेळा क्षणभर जाग येते, आपण कूस बदलतो आणि सकाळी ते आठवतही नाही. तुमच्या शरीराला वर्षभर अशी सवय लागली, की त्या क्षणाला पूर्ण जागं व्हायचं, उठायचं, त्यांना हात द्यायचा. त्या गेल्या, पण तुमचं शरीर अजून त्यांच्या उशाशी बसलेलं आहे. हे मी काव्य करून सांगत नाही. आजारी माणसाची रात्र-रात्र सेवा केलेल्या किती बायका मी पाहिल्या आहेत, की माणूस गेल्यावरही त्यांची जाग त्याच घटकेला येते.

पण सवय अठरा महिने टिकते कशी? आर्थर स्पीलमन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये याचा उलगडा मांडला, तो मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो. झोप मोडायला सुरुवात एका कारणाने होते आणि ती मोडलेली राहते ती दुसऱ्याच कारणांनी. सुरुवातीचं कारण निघून गेलेलं असतं. मागे राहतात ते आपण झोप भरून काढण्यासाठी केलेले उपाय. थकवा आहे म्हणून लवकर आडवं होणं. जाग आली तरी "निदान पडून तरी राहू" म्हणून अंथरुणातच राहणं. दुपारी संधी मिळाली की डोळा लावणं. घड्याळ बघून "आता तीनच तास उरले" असा हिशेब करणं. यातलं प्रत्येक पाऊल समजूतदार माणसाचंच आहे. पण महिनोन्‌महिने अंथरुणात जागं पडून राहिलं, की अंथरुण म्हणजे जागं राहायची जागा असं शरीर शिकून घेतं. सोप्यात बसल्या बसल्या डुलकी येते आणि गादीवर पाठ टेकली की टक्क डोळे उघडतात, असं तुमचं होत असेल बघा. दिवेलागणीला भरणारी धडकी त्यातूनच येते.

म्हणून "विचार करू नकोस" हा सल्ला लागू पडत नाही. नणंदेलाही सांगा, की राबून थकवा येतो, झोप येईलच असं नाही. तुम्ही दिवसभर काय कमी राबता?

आता गोळीचं. अल्प्राझोलम मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवते, म्हणून पहिले काही दिवस झोप छान लागते. काही आठवड्यांत मेंदू तिला सरावतो आणि तेवढ्या गोळीने भागेनासं होतं. 0.25 ची 0.5 झाली, मग दीड झाली, ती अशी. तुम्ही अचानक बंद केलीत तेव्हा थरथर झाली, घाम आला, झोप उडाली. ती सरावलेल्या मेंदूची ओरड होती. तुम्हाला वाटलं, गोळीशिवाय माझं काही खरं नाही. ताई, ती गोळी एकदम बंद केल्याची लक्षणं होती, तुमचा मूळ आजार तेवढा भयंकर नाही. या जातकुळीची औषधं एकदम तोडली तर काही जणांना फिट येते, म्हणून मी सुरुवातीलाच बजावलं. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के एवढी पायरी साधारणपणे सोसवते, गरज पडली तर याच जातीच्या सावकाश उतरणाऱ्या औषधावर नेऊन मग कमी करतात. काही महिने लागतील. लागू देत. तोवर खोकल्याचं गुंगी आणणारं औषध किंवा दुसरी कुठली झोपेची गोळी तिच्यासोबत घेऊ नका, आणि दारूचा तर थेंबही नाही. साठीनंतर याच गोळ्यांमुळे रात्री न्हाणीकडे जाताना तोल जातो, माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं. तुम्ही 51 च्या आहात, आत्ताच यातून बाहेर पडायची वेळ आहे.

मेडिकलवाल्याबद्दलही बोलायला हवं. अल्प्राझोलम औषधांच्या एच-1 या सरकारी यादीत आहे. 1 मार्च 2014 पासून नियम असा, की या यादीतलं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि दिलं तर वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं. ओळखीच्या माणसाने मायेपोटी हा नियम मोडला आणि तुमचा डोस दुप्पट-तिप्पट झाला, कुणाच्याही लक्षात न येता. रजिस्टरमध्ये तुमचं नाव दर महिन्याला आलं असतं तर निदान कुणीतरी विचारलं असतं.

पण सगळा दोष त्याच्या गळ्यात घालणं बरोबर नाही. 15 दिवसांसाठी म्हणून दिलेली गोळी 15 दिवसांनी बंद झाली का, हे बघणं डॉक्टरांचं काम होतं. हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाही. तालुक्याच्या गावात प्रॅक्टिस करताना, बाहेर सत्तर माणसं बसलेली असताना, मीही अशा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. गोळी लिहायला अर्धं मिनिट लागतं. रात्र कशी जाते, अंथरुणात किती वाजता जाता, जाग आल्यावर काय करता, घरात काय चाललंय, हे ऐकायला अर्धा तास लागतो. एक शिक्षिका माझ्याकडे रक्तदाबासाठी सहा वर्षं येत होत्या. त्यांच्या फाईलच्या मागच्या पानावर माझ्याच अक्षरात "झोप नाही, गोळी चालू ठेवा" असं अकरा वेळा लिहिलेलं मला एक दिवस दिसलं. त्या सहा वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, की झोप गेली कधीपासून. त्या दिवसापासून मी विचारते.

गोळीहून चांगला उपचार आहे, आणि तो काही कालचा नाही. त्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे निद्रानाशासाठी विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, 2016 मध्ये सांगितलं की जुनाट निद्रानाशाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला आधी हा उपचार मिळाला पाहिजे, औषधाचा विचार त्यानंतर. युरोपातल्या निद्रातज्ज्ञांनी 2017 मध्ये तेच म्हटलं आणि 2023 मध्ये पुन्हा म्हटलं. साधारण चार ते आठ बैठकांचं काम आहे. तो शिकवणारं माणूस मात्र तुमच्या गावात नाही, तुमच्या तालुक्यातही असेल की नाही कोण जाणे. मला खरी चीड याची येते.

तुम्हाला सुरुवात करता येईल एवढं मी इथे सांगते, पण गोळी चालू असल्यामुळे हे डॉक्टरांच्या कानावर घालूनच करा.

आधी एक वही घ्या, शंभर पानी, मुलांची उरलेली चालेल. दोन आठवडे रोज सकाळी चहा घेताना त्यात लिहायचं, अंथरुणात किती वाजता गेले, अंदाजे किती वाजता डोळा लागला, किती वेळा उठले, शेवटची जाग कधी, बाहेर कधी आले, गोळी किती. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, सकाळी आठवेल तेवढं. भिंतीवरचं घड्याळ त्या खोलीतून काढाच. उठायला मोबाईलचा गजर लावा आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

दोन आठवड्यांनी सरासरी काढा. समजा अंथरुणात साडेसहा तास आणि प्रत्यक्ष झोप पाच तास निघाली. मग पुढचे काही आठवडे अंथरुणात साडेपाच तासच काढायचे. सकाळची वेळ पक्की, समजा साडेपाच, आणि रात्री बाराच्या आधी अंथरुणाला पाठ लावायची नाही. उलटं वाटतं ना? आधीच झोप नाही, त्यात उशिरा झोपायचं. पण दिवसभर जागं राहून जी झोपेची भूक साठते, ती आपण अंथरुणात तासन्‌तास लोळून विखरून टाकतो. वेळ आवळली की ती भूक एका जागी येते आणि झोप घट्ट होते. अंथरुणातल्या वेळापैकी 85 टक्के वेळ झोप लागायला लागली, की आठवड्याला 15 मिनिटं वाढवायची. पाच तासांच्या खाली कधीच जायचं नाही. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येईल, तेव्हा गाडी चालवू नका, आणि अंगणवाडीत आहार शिजवताना मदतनीस ताईंना जवळ ठेवा. ज्यांना फिट येते किंवा ज्यांचं मन कधी अति उत्साहात आणि कधी खोल उदासीत जातं असं निदान आहे, त्यांनी हा भाग स्वतःहून करू नये. तुमची गोळी कमी होत असताना फिटची शक्यता डॉक्टरांनी लक्षात घ्यायला हवी, म्हणून तुम्हालाही वेळ किती आवळायची ते त्यांनीच ठरवून द्यायचं. वही मात्र आजपासून सुरू करायला कुणाची परवानगी नको.

दुसरी गोष्ट पावणेतीनसाठी. जाग आली आणि वीसेक मिनिटांत (अंदाजाने, घड्याळाने नाही) झोप परत येत नाही असं वाटलं, की उठायचं. अंथरुण सोडायचं, दुसऱ्या जागी बसायचं, पेंग आली की परत यायचं. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये सांगितलेली ही युक्ती आजही उपचाराच्या मध्यभागी आहे. पुस्तकात "दुसऱ्या खोलीत जा" असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे दुसरी खोली असेलच असं नाही, तिथे मुलं झोपलेली असतात. सोप्यात बसा, स्वयंपाकघरात पाटावर बसा. दिवा मंद. हाताला असं काम घ्या की जे संपलं नाही तरी चालेल. लसूण सोला, तांदूळ निवडा, गोधडीला टाके घाला. मोबाईल नको, अंगणवाडीची माहिती भरणं तर नकोच. थंडीत उठवत नाही, हे मला कळतं. शाल आधीच काढून ठेवा.

दुपारची झोप या काळात नको. चहा दुपारी दोननंतर बंद करून बघा, कारण पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायलाच पाच तासांच्या आसपास लागतात, आणि संध्याकाळी आल्यागेल्यासोबतचा कप त्यातलाच.

डॉक्टरांकडे काही तपासण्यांचाही विषय काढा. तुमचं वय पाळी जायचं आहे. रात्री अंगातून वाफा निघतात का, पदर भिजतो का, हे त्यांना सांगा, लाजू नका, त्यावर उपचार आहेत. रक्तातलं लोह आणि थायरॉईड तपासून घ्या. लोह कमी असलं की काहींना आडवं झाल्यावर पायांत वळवळ होते आणि ते हलवल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही घोरता का, मध्येच श्वास अडकतो का, हे मालकांना विचारा. तसं असेल तर तो वेगळा आजार आहे आणि झोपेच्या गोळीने तो बिघडू शकतो.

आणि एक विचारते. सगळ्या पत्रात सासूबाईंचं आजारपण आहे, त्यांची कूस बदलणं आहे, पण त्यांची आठवण येते का, हे कुठेच नाही. वर्षभर ज्यांच्या अंगाला रोज हात लावला, त्या माणसाचं जाणं हे दुःखच असतं, मग त्यांच्याशी नातं गोड असो की कडू. कुणाशी तरी बोला. निद्रानाश अंगावर काढला तर पुढे नैराश्य येण्याची शक्यता साधारण दुप्पट होते. म्हणून जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तरी सकाळची वाट पाहू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, नंबर 14416. ऑक्टोबर 2022 पासून दिवसरात्र चालू आहे, मराठीत बोलता येतं. पावणेतीनलाही. विचार तेवढा वाईट नसला तरी जवळचा मनोविकारतज्ज्ञ कुठे मिळेल हे विचारायलाही तोच नंबर चालतो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी जिल्हा रुग्णालयात असते, तिथे जाताना वही आणि गोळ्यांची पट्टी दोन्ही न्या. "वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला" असं घरात कुणी म्हणालं तर त्यांना हे पत्र वाचायला द्या.

आता मालकांच्या रात्रीच्या लाईटबद्दल. ती ओळ तुम्ही ओघात लिहून गेलात, मला मात्र ती सोडून पुढे जाता येत नाही. शेतीपंपांना एक आठवडा दिवसा वीज आणि एक आठवडा रात्री, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की रात्री दोन वाजता बॅटरी आणि काठी घेऊन उसात शिरणारा माणूस आपल्याला वेगळा वाटतच नाही. दिवसा वीज द्या ही मागणी जुनी आहे. सापाचं आणि बिबट्याचं भय तिच्यामागे आहे, आणि ते खरंच आहे. 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली ती याच मागणीपोटी. पण या मागणीत झोपेचा उल्लेख मी कधी ऐकला नाही. दर आठवड्याला दिवस-रात्र उलटीपालटी करणाऱ्या शेतकऱ्याची झोप एमआयडीसीतल्या पाळीच्या कामगारासारखीच मोडते, फक्त त्याला कुणी पाळी म्हणत नाही. आणि घरी वाट बघणारीची झोप तर कुणाच्याच हिशेबात नाही. ग्रामसभेत दिवसाच्या विजेचा विषय निघेल तेव्हा तुम्ही उठून हेही सांगा.

तसंच आवाजाचं. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली झाले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद, राज्य सरकार वर्षातून फार तर 15 दिवस 12 पर्यंत सूट देऊ शकतं. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. लग्नसराईत आणि यात्रेत ही मर्यादा किती पाळली जाते हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. झोपेची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आम्ही "शांत खोलीत झोपा" म्हणून सांगतो आणि खोली शांत ठेवायची जबाबदारी त्याच्या एकट्यावर टाकतो.

आणि उपचारांचं म्हणाल, तर 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत. मनाच्या मोठ्या, ठळक आजारांची ही अवस्था, तिथे निद्रानाशाला कोण विचारतो? तिशीपुढच्या माणसांचा रक्तदाब आणि साखर तपासली जावी म्हणून आशाताई दारोदार फिरून माहिती भरतात, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. त्याच फेरीत "झोप कशी लागते, झोपेची गोळी घेता का" हे दोन प्रश्न विचारायला किती वेळ लागेल?

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं, की तज्ज्ञच नाहीत, विचारून उपयोग काय. म्हणून एक अभ्यास मी भेटेल त्याला सांगते. इंग्लंडमध्ये साध्या प्राथमिक दवाखान्यांतल्या नर्सना थोडं प्रशिक्षण देऊन, झोपेची वेळ आवळण्याची वर सांगितली तीच पद्धत त्यांनी रुग्णांना शिकवायची, असा प्रयोग झाला. 642 रुग्ण, त्यातल्या निम्म्यांना नर्सबरोबर चार छोट्या भेटी. 2023 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सहा महिन्यांनी त्या रुग्णांचा निद्रानाश, फक्त झोपेच्या चांगल्या सवयींचं पत्रक मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. मोठं मशीन नाही, महागडं औषध नाही, वर्षानुवर्षांचं शिक्षणही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आपल्या सिस्टर आणि समुदाय आरोग्य अधिकारी हे करू शकणार नाहीत असं मला कुणी पटवून द्यावं. त्यांना शिकवायला हवं, वेळ द्यायला हवा, आणि मराठीत छापलेली एक वही हवी. तुम्ही वजनाचे आलेख भरता, मुलाची रेघ खाली वळली की तुमच्याच आधी लक्षात येतं. झोपेची वही त्याहून सोपी आहे.

ज्या दोन मुलांची वजनं चुकली, ती दुरुस्त केलीत का हे तुम्ही लिहिलं नाहीत. केली नसतील तर उद्या पर्यवेक्षिका ताईंना सांगून टाका, काय झालं होतं तेही सांगा. ते मनातून गेलं तर रात्री तेवढं एक ओझं कमी.

मालकांना एवढंच सांगा, की रात्रीच्या आठवड्यात शेतात पोचल्यावर आणि निघताना मोटारीपाशी उभं राहून एक मिस्ड कॉल द्यायचा. रिंग ऐकू येईल एवढा मोबाईल जवळच्या खोलीत असू द्या. तो आठवडा वहीत वेगळ्या शाईने लिहा, सरासरीत धरू नका.

वही कशी आखायची ते कळलं नाही तर सदराच्या पत्त्यावर लिहा, मी एक पान आखून पाठवते. डॉक्टरांनी गोळीची पहिली पायरी किती दिली, तेही कळवा.

तुमची,
डॉक्टर